कपारीवरचं सातवं गिधाड

ही गोष्ट कुणालाही पटणार नाही, आणि ज्याला पटेल त्यानं आधी स्वतःची नाडी बघून घ्यावी. एका माणसानं अख्ख्या कड्यावर पाखरांची खोटी शीट रंगवली, मग त्या खोट्या शिटेत खऱ्या गिधाडासारखा जाऊन बसला, आणि एवढा सगळा उपद्व्याप करून त्याला जे वाचवायचं होतं तो डोंगर नव्हता आणि गिधाडंही नव्हती.

आधी डोंगर. आज तिथे सगळीकडे हिरवं दिसतं, त्यावर जाऊ नये. एक काळ असा होता की त्या रांगेवर शेळी चरायला निघाली तर सोबत डबा घेऊन निघायची. खाणवाल्यांनी अर्धा डोंगर ट्रकांत भरून नेला होता. उरलेला अर्धा गुरांनी चाटूनपुसून साफ केला होता, आणि त्यावर जे काही उभं होतं ती कुठूनशी बाहेरून आलेली काटेरी झुडपं. त्यांच्या सावलीत साधं गवतसुद्धा उगवायला धजत नसे. पाऊस डोंगरावर पडायचा तो पाय घसरल्यासारखा थेट खाली यायचा, आणि येताना हाताला लागेल तेवढी माती घेऊन यायचा.

मग कधीतरी सरकारला जाग आली आणि ती रांग राखीव झाली. खाणी बंद पडल्या. काटेरी झुडपं मुळासकट उपटायला माणसं लागली. डोंगराच्याच आडबाजूच्या घळींमध्ये जुनं गवत थोडंफार तग धरून होतं, त्याचं बी गोळा करून उघड्या उतारांवर पेरलं गेलं. दगडांचे बांध बसले आणि पाणी धावायचं सोडून चालायला शिकलं. गवत आलं, गवतामागून ससे आले, सशांमागून कोल्हे आले, आणि एके दिवशी हरणं अशा थाटात येऊन उभी राहिली की जणू मधली सगळी वर्षं ती फक्त कामासाठी बाहेरगावी गेली होती.

सगळे परत आले, एक गिधाडं सोडून.

म्हणजे घर तर लागलं होतं, पण केर काढायला कुणी नव्हतं. हरीण मेलं की तसंच पडून राही. वास सुटे. त्या वासावर खालच्या गावातली कुत्री वर चढत, आणि मेलेलं संपलं की जिवंत हरणांच्या मागे लागत. पूर्वी हे काम गिधाडं करत. गुरांना टोचायचं कुठलंसं औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात गेलं आणि ती मेली. पुढे ते औषध बंद झालं, पण गेलेली गिधाडं काही आली नाहीत. नदीपलीकडच्या रांगेत थोडी शिल्लक होती. ती अधूनमधून इकडे येत, उंचावरून घिरट्या घालत, खाली डोकावत आणि निघून जात. गिधाड मोकळ्या घरात राहायला येत नाही, त्याला शेजार लागतो. आणि इथे कुणी राहतंय हे त्याला आकाशातून कशावरून कळतं, तर कड्यावर ओघळलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवरून. म्हणजे शिटेवरून.

डोंगरावरच्या या सगळ्या कामाची सूत्रं पक्ष्यांचा अभ्यास केलेल्या एका बाईंकडे होती. त्यांना सगळे मॅडम म्हणत. मॅडमनी कड्यावरची एक कपार निवडली, लांबट, वाऱ्याची, खालून कुणाला न दिसणारी, आणि ठरवलं की आपण शेजार तयार करायचा. सहा गिधाडं लाकडाची करून तिथे बसवायची आणि भोवती शीट रंगवायची. एक जरी खरं गिधाड फसून तिथे बसलं तरी पुरे, मागून बाकीची येतील. इतर देशांतल्या कड्यांवर हे जमलंय, असं त्या म्हणत. गावात ज्यानं ज्यानं हे ऐकलं त्यानं मान डोलावली आणि वळणावर गेल्यावर हसून घेतलं.

लाकडाची गिधाडं करायला गावातला सुतार मिळाला. शीट काढायला मिळाला पेंटर.

पेंटर म्हणजे गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या ज्यानं रंगवल्या तो. माणूस हाताचा सोन्याचा आणि तोंडाचा मात्र वाहता नळ. तो सांगे की मासळीच्या दुकानावर त्यानं असा मासा काढला होता की मांजरांनी पाटी चाटून चाटून शेपूट नाहीशी केली आणि ती त्याला फुकटात पुन्हा काढून द्यावी लागली. विम्याचा एजंट सारखा घरी येतो म्हणून त्याला चकवायला त्यानं मागच्या भिंतीवर खोटं दार रंगवलं, तर एजंट त्या दारानं आत आला. हे तो इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगे की ऐकणारा क्षणभर पेंटरचीच कीव करी. पुढे फ्लेक्स आले, पाट्या गेल्या, आणि पेंटरकडे नुसत्या थापा उरल्या.

त्याला एकच लेक. घरातल्या थापांचा सगळा साठा बापानंच वापरून टाकल्यामुळे तिच्या वाट्याला एकही आली नव्हती. लहानपणी शाळा बुडवायला तापाचं कारण सांगायचं असेल, तर ती आधी खरोखर ताप येण्याची वाट बघायची. मोठी होऊन ती वनरक्षक झाली आणि त्या कपारीचा पहारा तिच्याकडे आला. समोरच्या उतारावर एका खोलीची चौकी होती. खिडकीशी तिपाईवर लावायची मोठी दुर्बीण, एक कपाट, एक स्टोव्ह. तिथून ती दिवसभर कड्यावर नजर ठेवी. तिनं ‘बघितलं’ म्हटलं की मॅडम पुढचा प्रश्न विचारत नसत.

आता मुद्द्याची गोष्ट. मॅडमनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं की हंगाम संपेपर्यंत एकही पक्षी कपारीवर बसला नाही, तर हा प्रयोग इथे गुंडाळायचा आणि लाकडी गिधाडं, कॅमेरा, पहारा, सगळं उचलून लांबच्या दुसऱ्या राखीव रांगेत न्यायचं. पहारा म्हणजे लेक. ती रांग इतकी लांब की तिथून घरी यायचं तर बस, रेल्वे आणि वर एक होडी बदलावी लागे.

घरात दोघंच. लेकीची आई गेल्यापासून त्यांचं आपसातलं बोलणं म्हणजे ‘डबा घेतलास का’ आणि ‘दार लावलंत का’, एवढंच. पण तेवढंही गेलं तर पेंटरला भिंतीशी बोलावं लागणार होतं, आणि भिंतींशी तो आयुष्यभर कामापुरतंच बोलला होता. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. लेकीला तर नाहीच. कुणी विचारलं तर म्हणे, मला काय, माझ्या रंगाची इज्जत पणाला लागलीय.

खरं तर काम पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. उभ्या आयुष्यात मी लोकांची नावं रंगवली, आता पाखरांची शीट रंगवू का, असं त्यानं लेकीला विचारलं. लेकीनं शांतपणे सांगितलं की नको असेल तर झाडांवर औषध फवारणाऱ्या माणसाला विचारते, त्याच्याकडे पंप आहे. पंप म्हटल्यावर पेंटरनं कुंचे काढून धुवायला घेतले.

कड्याच्या मागून एक पायवाट होती आणि शेवटचा टप्पा दोराला धरून उतरायचा होता. लेकीनं बापाच्या कमरेला दोर स्वतः बांधला, गाठ ओढून बघितली, सोडली, पुन्हा बांधली. पेंटर खाली उतरला. बरोबर चुन्याची बादली, त्यात पावसानं धुऊन जाऊ नये म्हणून डिंक, आणि उरात पाट्या रंगवण्याचा जुना उत्साह. संध्याकाळी वर आला तेव्हा थकला होता, पण खूश होता. असं काम या कड्यावर पूर्वी झालेलं नाही, असं तो म्हणाला, आणि निदान ते तरी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी चौकीतून दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाल्या की काम सुंदर झालंय, आणि त्याचीच काळजी वाटतेय.

पेंटरनं प्रत्येक ओघळ सारख्या लांबीचा काढला होता. प्रत्येक थेंबाला उजव्या बाजूनं बारीक करडी छटा दिली होती, म्हणजे तो भिंतीवरून उठून दिसावा. दोन ओघळांमधलं अंतर दोरी लावून मारलेलं. लाकडी गिधाडांच्या डोळ्यांत त्यानं आपल्या मनानं पांढरा ठिपका टाकला होता, त्यामुळे ती सहाही जणू फोटो काढून घ्यायला बसलेली. सुतार आधीच चिडला होता, कारण त्यानं पटाशीनं कोरलेलं एकेक पीस पेंटरच्या चकाकीखाली गडप झालं होतं. तो म्हणाला, ही गिधाडं कसली, हे तर बोहल्यावर चढायला निघालेत.

लेकीनं दुर्बिणीतून बघितलं आणि फक्त एवढंच म्हणाली, “बाबा, तुम्ही दोन्ही बाजूंना समास सोडलाय.”

समास सोडल्याशिवाय काम कसं करतात हे पेंटरला ठाऊकच नव्हतं. नदीपलीकडची गिधाडं त्या आठवड्यात एकदा आली, त्यांनी वरून बघितलं, आणि नेहमीपेक्षा जास्तच उंचावरून निघून गेली. एखादं दुकान आपल्याला परवडणारं नाही हे बाहेरूनच कळावं, तशी.

पुन्हा रंगवायचं ठरलं. या वेळी लेकही दोराला धरून खाली उतरली, कारण बापावर सोडलं तर तो ओघळांना सोनेरी किनार लावील अशी तिला भीती होती. तिथे त्या अरुंद कपारीत, हाताच्या अंतरावर उभं राहून तिनं बघितलं की पेंटर उजव्या हातानं कुंचा धरतो आणि डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरतो.   तो ओघळ पुरा व्हायला इतका वेळ लागला की दोघांनाही ते झाकून ठेवणं जड झालं. फ्लेक्सनं धंदा खाल्ला ही गोष्ट खरी होती, पण ती अर्धीच खरी होती; उरलेली अर्धी त्या मनगटात होती, आणि ती त्यानं वर्षानुवर्षं सगळ्या गावापासून लपवली होती.

“हात सोडा,” लेक म्हणाली.

पेंटरनं तिच्याकडे बघितलं.

“डावा हात काढा. उजवा जसा हलेल तसा हलू दे.”

त्यानं डावा हात काढला. कुंचा थरथरला, चुना सुटला, भिंतीवर पडला, कुठे जाड, कुठे बारीक, एक ओघळ अर्ध्यावर फाटून दोन झाला आणि तिसरा आपला आपणच वाकडा गेला. लेक मागे सरून बघत राहिली. ती म्हणाली की हे बरोबर आहे. आयुष्यात पहिल्यांदा पेंटरला कुणी वाईट काम करायला सांगत होतं आणि तो हात पहिल्यांदाच कुणासमोर उघडा होता. त्याला चेव आला. तो कुंचा झटकू लागला, मग डोळे मिटून झटकू लागला, मग कुंचा टाकून सरळ डबड्यानं चुना उडवू लागला. लाकडी गिधाडं भिजली. लेक भिजली. पेंटरच्या भुवया पांढऱ्या झाल्या. दोघं कपारीत उभी राहून हसली, आणि शेवटचं असं हसलो कधी, हे दोघांनाही आठवेना.

फक्त एक घोटाळा झाला. कपारीच्या टोकाला मॅडमनी एक छोटा कॅमेरा बसवला होता, हालचाल दिसली की आपोआप फोटो काढणारा. त्या भरात डबडंभर चुना नेमका त्याच्या काचेवर बसला आणि वाळला. हे कळायला बरेच दिवस गेले. फोटो यायचे ते पांढरे यायचे, आणि मॅडमना वाटत होतं की यंदा धुकं फार आहे. उलगडा झाला तोवर नदीपलीकडची गिधाडं खरोखरच खाली उतरू लागली होती, इतकी की चौकीतून नुसत्या डोळ्यांनी त्यांच्या पंखांची टोकं दिसत. आता माणसाची चाहूल लागली तर सगळंच मुसळ केरात जायचं. म्हणून मॅडमनी कपार बंद केली. कुणीही तिथे पाऊल टाकायचं नाही, काच पुसायलासुद्धा नाही. तो हुकूम पाळला जातोय ना हे बघणं लेकीच्या अंगावर आलं, आणि तिनं सगळ्यात आधी तो घरात येऊन बापाला बजावला.

सुतार या प्रकरणावर बेहद्द खूश होता. तो पेंटरला म्हणे, आयुष्यभर गिऱ्हाइकांना चुना लावलास, आता मॅडमच्या कॅमेऱ्यालाही सोडलं नाहीस. पेंटर उलटून म्हणे, तुझी गिधाडं हलली असती तर कॅमेऱ्याची गरजच पडली नसती.

त्यात तथ्य होतं. पाखरं येत, कपारीच्या जवळून जात, मान खाली घालून बघत, एखादं तर पाय खाली सोडून बसायच्या बेतात येई, आणि ऐनवेळी उडून जाई. पेंटर चौकीच्या पायरीवर बसून रोज हे बघत होता. त्याला वाटू लागलं की पाखराला सगळं पटतंय, शीट पटतेय, शेजार पटतोय, पण तो शेजार साधी मानसुद्धा वळवत नाही. आपण कुणाच्या घरी जावं आणि घरातल्या सहाही जणांनी आपल्याकडे बघू नये, तर आपणसुद्धा चपला काढणार नाही.

असा हंगाम संपत आला. एका सकाळी लेकीनं माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली आणि धूळ झाडून अंगणात उन्हात ठेवली. पेंटरनं ती बघितली. तो म्हणाला की पेटीची बिजागरी गंजलीय, कुरकुरतेय. मग तेलाची बाटली आणून त्यानं स्वतःच बिजागरीला तेल घातलं, झाकण चार वेळा उघडून मिटून बघितलं, आणि हात पुसत उठला. बरं झालं, लेक म्हणाली. जाऊ नकोस हे शब्द पेंटरच्या ओठावर येऊन बसले होते, पण आयुष्यभर हव्या त्या गोष्टी सांगत सुटलेल्या माणसाला नेमकं तेवढंच सांगता येईना.

मॅडम शेवटची पाहणी करायला येणार त्याच्या आदल्या दिवशी लेक सकाळीच निघाली. खाली मोठ्या कार्यालयात बदलीच्या कागदावर सही करायची होती. ती वळणाआड गेल्यावर पेंटरनं घरातल्या कपाटातून जुनं राखाडी कांबळं काढलं, काखेत मारलं, आणि कड्यामागची वाट धरली. दोर या वेळी त्याचा त्यालाच बांधावा लागला.

त्यानंतर कपारीवर जे घडलं ते बघायला सहा लाकडी गिधाडांखेरीज कुणी नव्हतं, असं पेंटरला वाटत होतं. तेव्हा ते त्यानं दुसऱ्या दिवशी चौकीत जसं सांगितलं तसंच ऐकलेलं बरं.

चौकीत चौघं होती. मॅडम खुर्चीवर, हातात चहाचा कप. सुतार दाराशी, कारण लाकडी गिधाडं खाली उतरवायचं काम त्याच्याकडे येणार होतं. लेक खिडकीशी, पाठमोरी, दुर्बिणीचं झाकण लावत. आणि मधोमध पेंटर.

त्यानं सुरुवात साधी केली. काल दुपारी आपण इथे पायरीवर बसून दुर्बिणीतून बघत होतो, आणि एक गिधाड कपारीवर येऊन बसलं, असं तो म्हणाला. मॅडमनी कप खाली ठेवला. दुर्बीण तर कपाटात कुलपात असते, किल्ली कुणाकडे होती, असं त्यांनी विचारलं. किल्ली लेकीच्या कमरेला होती, आणि लेक काल खाली गेली होती. पेंटरनं खिडकीकडे, लेकीच्या पाठीकडे बघितलं. मग तो म्हणाला की बरं, पायरीवर नव्हतो. कपारीवर होतो.

भिंतीला टेकलेला सुतार सरळ उभा राहिला. मॅडम म्हणाल्या की कपार बंद आहे.

“माणसांना बंद होती,” पेंटर म्हणाला. “मी गिधाड म्हणून गेलो.”

आणि त्यानं सांगायला घेतलं. कांबळं डोक्यावरून घेऊन तो लाकडी गिधाडांच्या ओळीत उकिडवा बसला होता, खांदे वर, मान आत. अधूनमधून तो मान हळूच वळवी, एक खांदा हलवी. ऊन वाढलं, पायांना मुंग्या आल्या. मग डोक्यावरून सावली गेली. पुन्हा गेली. आणि मोठी चादर दोघांनी दोन्हीकडून धरून झटकावी तसा आवाज झाला आणि ते आलं. ते सुंदर नव्हतं, पेंटर म्हणाला. मानेवर पिसं नाहीत, पायांवर त्याचीच घाण, वास असा की डोळ्यांत पाणी यावं. त्याच्यात आणि पेंटरच्यात एकच लाकडी गिधाड होतं. त्यानं त्या लाकडाला चोचीनं एकदा ढोसलं, उत्तर आलं नाही. मग ते पेंटरकडे बघू लागलं. डोळ्यात ठिपका नव्हता. मी ठिपका उगाच काढला होता, पेंटर म्हणाला.

हे सांगताना त्याचा आवाज नेहमीचा नव्हता, आणि मॅडम जराशा पुढे झुकल्या होत्या. तिथेच थांबला असता तर. पण मॅडम काही बोलल्या नाहीत, आणि गप्प बसलेलं माणूस पेंटरला कोऱ्या पाटीसारखं दिसे. रंगवल्याशिवाय राहवत नसे. मग दुसरं गिधाड आलं. ते पहिल्याची बायको निघालं. त्या दोघांचं कशावरून तरी वाजलं आणि बायकोनं न्याय मागायला पेंटरकडे बघितलं. मग एकानं काडी आणली आणि पेंटरच्या मांडीवर ठेवली, घरटं इथे बांधू का असं विचारल्यासारखी. दुसऱ्यानं त्याच्या कानामागचा वाळलेला चुना चोचीनं टिपून काढला. सुतारानं विचारलं की जाताना त्यांनी पत्ता दिला का. पेंटरनं तोंड उघडलं, आणि पत्ता सांगायच्या बेतात असतानाच त्याची नजर मॅडमच्या चेहऱ्यावर गेली.

तिथे मघाचं काहीच उरलं नव्हतं. त्या दमलेल्या दिसत होत्या, आणि जरा दुःखीही. खरी गोष्ट इतक्या रंगांखाली गेली होती की आता ती कुणालाच दिसत नव्हती, आणि ते रंग त्यानंच चढवले होते. दाराशी पत्र्याची पेटी ठेवलेली होती. लेक इथूनच निघणार होती.

“एकच आलं,” पेंटर म्हणाला. “बायको नव्हती, काडी नव्हती, ते मी लावलं. पण एक आलं, मॅडम. बराच वेळ बसलं.”

मॅडम म्हणाल्या की त्यांना विश्वास ठेवायची फार इच्छा आहे. पण कॅमेऱ्याला काही दिसलेलं नाही, बघणारं कुणी नाही, आणि वरच्यांना त्या काय सांगणार, की पेंटर म्हणतो म्हणून? मग त्या थांबल्या, आणि पुढचं त्यांनी नाइलाजानं विचारलं. कपार बंद असताना तिथे माणूस गेला असेल, तर ज्याच्याकडे पहारा होता त्याला जाब द्यावा लागेल, हे पेंटरच्या लक्षात आलंय का?

ते लक्षात आलं नव्हतं.  आपण लेकीला थांबवायला निघालो आणि तिची नोकरीच घालवून बसलो, हे त्याला एकदम दिसलं, आणि तो घाईघाईनं बोलू लागला. तिचा काही दोष नाही. ती खाली गेली होती, तिला पत्ताही नव्हता, तिनं काही बघितलं नाही. बोलणी खायची तर मी खातो, काय दंड असेल तो मला करा. आणि पाखराला माझा काडीचा त्रास झालेला नाही.

“मी दगडासारखा बसलो होतो, मॅडम. ते येऊन जाईपर्यंत माझा केससुद्धा हलला नाही.”

खिडकीशी लेकीचा हात दुर्बिणीच्या झाकणावर थांबला. ती गप्प राहिली असती तर तिला कुणी काही विचारणार नव्हतं. बापाच्या थापेत आणखी एक थाप जमा झाली असती, तिच्यावर ठपका आला नसता, पेटी उचलायची आणि संध्याकाळची बस धरायची. ती वळली. तिनं मॅडमकडे बघितलं नाही, बापाकडे बघितलं.

“खोटं,” ती म्हणाली. “तुम्ही शिंकलात, बाबा. तीनदा. दुसऱ्या शिंकेला कांबळं डोक्यावरून घसरलं. मी दुपारीच परत आले होते, इथून बघत होते. ते उडालं नाही. मान वाकडी करून तुमच्याकडे बघितलं आणि एक पाऊल आणखी जवळ सरकून बसलं.”